ताकाला जाताना भांडे लपवू नये



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली ज्या शहरात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्या शहरात शिक्षणावर बोलण्यासाठी विद्वानांची वानवा नाही. आमचे स्वतःचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा शिक्षणशास्त्रावर काही सांगण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु एक प्रश्न असा आहे, की तो विद्वानांकडे फारसा जात नाही. तो आमच्याकडे येतो. दरवर्षी बारावीचा निकाल लागला, की युनियनच्या कचेरीत संध्याकाळच्या पाळीनंतर माणसे येतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गुणपत्रिका. इकडचे तिकडचे बोलणे होते, चहा होतो, आणि मग आवाज खाली आणून प्रश्न येतो, "भाऊ, फी-सवलत पाहिजे असे अर्जात लिहिले, तर पोराच्या प्रवेशाला बाध येईल का?"

आज आम्ही एवढ्याच प्रश्नावर बोलणार आहो.

ह्या प्रश्नाला हसू नये. ज्याने तो विचारला, त्याने आयुष्यभर फाटकावरची भरती पाहिलेली असते. कंत्राटदारासमोर वीस माणसे उभी असतात. त्यांतला एकजण विचारतो, "पगार किती? फंड कापणार का?" त्याला उत्तर मिळते, "उद्या या." जो काहीच विचारत नाही, तो आत जातो. तीस वर्षे हे पाहिलेल्या माणसाने कॉलेजच्या दारातही तोच हिशेब मांडला, तर त्यात नवल ते काय? आधी आत जाऊ द्या, मागायचे ते मागून मागू, असे त्याला वाटते. आपल्याकडे म्हण आहे, ताकाला जाऊन भांडे लपवायचे. हा माणूस भांडे लपवतो तो लाजेने नव्हे. भांडे दिसले तर दारच बंद होईल, ह्या भीतीने.

आता ही भीती खरी किती आणि खोटी किती, हे दारे एकेक करून पाहिले पाहिजे. कारण सगळी दारे सारखी नाहीत.

पहिले दार सामायिक प्रवेशाचे. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत होतात. मुलगा परीक्षा देतो, त्याला गुणवत्ता क्रमांक मिळतो, तो कॉलेजांचा पसंतीक्रम भरतो, आणि जागांचे वाटप गुणवत्ता, आरक्षण व पसंती ह्यांवरून होते. ह्या वाटपात कॉलेजचा प्राचार्य किंवा संस्थेचा चिटणीस बसलेला नसतो. बापाचा पगार बारा हजार आहे म्हणून मुलाचा क्रमांक खाली घसरत नाही. तेव्हा ह्या दारापुरते आमचे उत्तर स्पष्ट आहे: मदत मागितल्याने प्रवेशाला काडीचाही धोका नाही.

उलट दोन ठिकाणी उत्पन्नाचा दाखला मुलाच्या बाजूने उभा राहतो. २०१९ च्या जानेवारीत १०३ वी घटनादुरुस्ती झाली आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी १० टक्क्यांपर्यंत जागा आल्या. ज्यांना दुसरे आरक्षण नाही आणि ज्यांच्या घराचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांच्यासाठी ह्या जागा आहेत. दुसरी सोय शिक्षण शुल्क माफीच्या जागांची. पुष्कळ अभ्यासक्रमांत मंजूर जागांच्या ५ टक्के जागा वरच्यावर वाढवून दिलेल्या असतात. त्यांत शिकवण्याचे शुल्क माफ असते, इतर शुल्क भरावे लागते. उत्पन्नाची मर्यादा तीच, ८ लाखांची. ह्या जागांचा सांकेतिक क्रमांक पसंतीच्या यादीत वेगळा असतो. आमच्या लोकांना तो ठाऊक नसतो, म्हणून ते तो भरतच नाहीत.

येथे एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. माफीची जागा मिळवायला त्याच कॉलेजच्या साध्या जागेपेक्षा बहुधा जास्त गुण लागतात, कारण स्वस्त जागेवर सगळ्यांचीच उडी पडते. पण ती न मिळाल्याने साधी जागा जात नाही. यादीत आधी माफीचा क्रमांक भरावा, त्याखाली त्याच कॉलेजचा साधा क्रमांक भरावा. वरचे नाही मिळाले, तर खालचे आहेच.

दुसरे दार संस्थेच्या स्वतःच्या जागांचे. विनाअनुदानित महाविद्यालयांत काही जागा संस्था स्तरावर भरल्या जातात. खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेश तर मुळात वेगळेच होतात. येथे गल्ल्यावर बसलेला आणि दार उघडणारा एकच असतो. पुण्याच्या पी. ए. इनामदारांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली कॅपिटेशन फीला मनाई केली. परदेशस्थ भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मुभा दिली, आणि त्या जागांतून येणारा पैसा दुर्बल घटकांतील मुलांच्या उपयोगी पडावा असेही सांगितले. शुल्क किती घ्यावे आणि प्रवेश कसे द्यावेत, ह्यांवर देखरेख ठेवणारी प्राधिकरणे महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने आली. कायदा आहे. तथापि ह्या दारातली मुख्य अडचण निराळीच आहे, आणि ती आम्ही स्वतः केलेल्या एका चुकीवरून सांगतो.

२०१८ सालची गोष्ट. भोसरीकडच्या एका लहान कारखान्यातला मशीन चालवणारा कामगार आमच्याकडे आला. पगार वर्षाला तीन लाखांच्याही आत. मुलाला सामायिक फेरीत एका साध्या कॉलेजात जागा मिळत होती, आणि एका नावाजलेल्या कॉलेजात संस्था स्तरावर मिळत होती. त्याने तोच प्रश्न विचारला. आम्ही म्हणालो, "आधी चांगल्या कॉलेजात जागा पक्की कर. सवलतीचे नंतर बघू." तो सल्ला आमचा होता. आम्ही फाटकावरचे शहाणपण कॉलेजला लावले. त्याने फंडातून उचल घेतली, पहिल्या वर्षाचे शुल्क भरले, आणि मग महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. शिष्यवृत्ती सामायिक प्रवेशातून आलेल्यांना मिळते, संस्था स्तरावर आलेल्यांना नाही. हा नियम छापलेला होता. आम्ही तो वाचला नव्हता.

मुलगा इंजिनिअर झाला, ते पतपेढीच्या कर्जावर. त्याची धाकटी बहीण २०२२ साली बारावी झाली. गुण भावापेक्षा चांगले होते. ती बी. ए. ला गेली. बापाने अर्ज केला नाही, आणि तो आमच्या कचेरीतही आला नाही. पुन्हा नकार ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्यानंतर दोन वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, शासनाने निर्णय काढला: ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना सामायिक प्रवेशातून व्यावसायिक शिक्षण घेताना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. ह्या सवलतीतूनही खासगी व अभिमत विद्यापीठे आणि संस्था स्तरावरचे प्रवेश वगळले आहेत. आम्ही तो निर्णय दोनदा वाचला. ह्या वेळी आधी वाचला.

म्हणून दुसऱ्या दाराविषयी आमचे उत्तर असे: येथे मदत मागितल्याने प्रवेश जाण्यापेक्षा, प्रवेश कोणत्या वाटेने घेतला ह्याने मदत जाण्याचा धोका मोठा. प्रश्न उलटा विचारायला हवा होता.

तिसरे दार समुद्रापलीकडचे. आपण म्हणाल, कामगाराच्या पोराचा अमेरिकेशी काय संबंध? संबंध आला आहे. ह्याच शहरात शिकलेली हुशार मुले आता तेथे बारावीनंतरच अर्ज करतात, आणि त्यांत आमच्या सभासदांची एकदोन मुलेही निघाली. अमेरिकेत हा प्रश्न उघडपणे चर्चिला जातो. तेथे काही विद्यापीठे जाहीर करतात, की अर्ज तपासताना विद्यार्थ्याची पैशाची गरज आम्ही पाहतच नाही. परंतु बहुतेक ठिकाणी हे वचन स्वदेशी विद्यार्थ्यांपुरते असते. परदेशी विद्यार्थ्यांनाही ते देणाऱ्या संस्था मोजक्या आहेत: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम. आय. टी., ॲमहर्स्ट, आणि २०२२ पासून डार्टमथ, अशी थोडी नावे. बाकी पुष्कळ ठिकाणी परदेशी मुलाने मदत मागितली, तर ती गोष्ट निवडीत धरली जाते, आणि तसे त्या संस्था सांगतातही. म्हणजे ह्या दारापाशी आमच्या कामगाराची भीती अगदी खरी आहे.

मग तेथे गरज लपवावी का? लपवू नये. पुष्कळ संस्थांचा नियम असा, की परदेशी मुलाने प्रवेशाच्या वेळी मदत मागितली नाही, तर पुढच्या चारही वर्षांत त्याला ती मागता येत नाही. भोसरीत आम्ही केलेली चूक सातासमुद्रापलीकडे तशीच वाट पाहत उभी आहे. ज्याला पैसे भरता येणार नाहीत, त्याला मिळालेला असा प्रवेश हा प्रवेशच नव्हे.

गरज न पाहण्याची वचनेही तपासून घ्यावी लागतात. २०२२ च्या जानेवारीत शिकागोच्या न्यायालयात १६ नामांकित अमेरिकन विद्यापीठांवर दावा दाखल झाला. आरोप असा, की गरज पाहत नाही असे म्हणत त्यांनी मदतीच्या रकमा आपसांत संगनमत करून कमी ठेवल्या, आणि काहींनी श्रीमंतांच्या मुलांना झुकते माप दिले. त्यांतल्या अनेकांनी दोष मान्य न करता तडजोडीने पैसे भरले. मालक मालकच असतो, मग तो कारखान्याचा असो की विद्यापीठाचा, असे म्हणण्याचा मोह आम्हाला होतो. परंतु आम्ही तो आवरतो, कारण वचन पाळणाऱ्या संस्थाही आहेत.

आता ह्या तिन्ही दारांच्या अलीकडे एक खिडकी आहे, आणि आमच्या मते खरा घात तेथे होतो. ती म्हणजे शुल्क भरण्याची खिडकी. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आय. आय. टी. त जागा मिळाली. जागा पक्की करायला १७,५०० रुपये भरायचे होते. मुदत २४ जूनच्या संध्याकाळी पाचपर्यंत. गावातून पैसे गोळा करीपर्यंत मुदत टळली आणि जागा गेली. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० सप्टेंबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने त्याला त्याच वर्षी त्याच संस्थेत घेण्याचा आदेश दिला. त्या मुलाची गरिबी त्याच्या गुणवत्ता क्रमांकात कोणी मोजली नव्हती. ती मोजली गेली ती खिडकीवर, घड्याळाने.

आपल्याकडेही हेच चालते. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेत पात्र विद्यार्थ्याचे निम्मे शिक्षण शुल्क शासन देते. मागासवर्गीयांच्या शिष्यवृत्तीत त्याहून अधिक देते. शासनाच्या वाट्याची रक्कम विद्यार्थ्याकडून आगाऊ घेऊ नये, अशी परिपत्रके वेळोवेळी निघाली आहेत. तरीही खिडकीवरचा कारकून पूर्ण रक्कम मागतो. त्या कारकुनाला शिव्या देऊन भागणार नाही. शासनाचे पैसे संस्थेला उशिरा मिळतात, कधी वर्ष उलटून मिळतात, आणि शिक्षकांचे पगार तर महिन्याच्या महिन्याला करायचे असतात. मग संस्थेच्या डोळ्यांत सवलतीचा विद्यार्थी म्हणजे थकबाकी होऊन बसतो. खासगी शाळांतल्या शिक्षण हक्काच्या २५ टक्के जागांचेही असेच झाले. परताव्याची रक्कम थकते अशी शाळांची तक्रार होती. २०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने नियम बदलून पुष्कळ खासगी शाळांना त्या जागांतून मोकळेच केले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या लढ्यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्या जागा सोडतीने भरतात, म्हणून कोणते गरीब मूल घ्यावे हे शाळेला निवडता येत नाही. पण पैसा थकला, की निवडण्याऐवजी दारच बंद करण्याची खटपट सुरू होते.

तेव्हा आमचे म्हणणे एका वाक्यात मांडतो. प्रवेश देणारा हात आणि पैसे मोजणारा हात वेगवेगळे असले पाहिजेत, आणि पैसे मोजणाऱ्या हाताने ते वेळेवर मोजले पाहिजेत. जेथे हात वेगळे आहेत, तेथे निर्धास्तपणे मागा. जेथे ते एक आहेत, तेथे नियम वाचून, विचारून, आणि तरीही उघडपणे मागा.

काही मंडळी म्हणतात, की मागण्यात कमीपणा आहे. आम्हाला तसे वाटत नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो तो कष्टकऱ्यांच्या घामातून, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि बडोद्याची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार करून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका ही रीत घालून दिली. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वार्षिक १,२०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फीमाफी दिली आणि खेड्यापाड्यांतली मुले कॉलेजात दिसू लागली. ह्याच पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली. तेथे गरज ही लपवायची गोष्ट नसून वसतिगृहात प्रवेश मिळण्याची पात्रता ठरली. म्हणजे मागून शिकलेल्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. महागाई भत्ता मागताना आम्ही भीक मागत नाही. शिष्यवृत्ती मागतानाही मागत नाही.

एक कडू गोष्टही बोलतो. आमच्यातले काही कायम कामगार ओव्हरटाईम आणि बोनस धरून ८ लाखांच्या वर जातात, आणि खालच्या आकड्याचा दाखला कोठून मिळेल हे आम्हाला विचारतात. त्यांना आमच्या कचेरीत मदत मिळणार नाही. माफीच्या जागा थोड्या असतात. खोट्या दाखल्यावर घेतलेली प्रत्येक जागा कंत्राटी कामगाराच्या मुलाच्या हातून गेलेली असते.

शेवटी चार कामाच्या गोष्टी. तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न पाहता काढावा. निकालानंतर तेथे रांग लागते. पसंतीक्रम भरण्यापूर्वी माफीच्या जागांचे क्रमांक पाहावेत. पहिल्याच पसंतीची जागा पहिल्या फेरीत मिळाली तर ती घ्यावीच लागते, म्हणून पहिले नाव विचार करून लिहावे. संस्था स्तरावर पैसे भरण्यापूर्वी शिष्यवृत्ती मिळेल की नाही हे लेखी विचारावे. शिष्यवृत्तीचा अर्ज एकदा करून भागत नाही, दरवर्षी करावा लागतो. आणि खिडकीवर एकट्याने जाऊ नये. शासनाचे परिपत्रक हातात घेऊन दोघातिघांनी जावे. एकट्या माणसाला "उद्या या" म्हणता येते. तिघांना म्हणणे जरा जड जाते, हा आमचा तीस वर्षांचा अनुभव आहे.

आमच्या कचेरीत आता मे ते ऑगस्ट रोज संध्याकाळी एक टेबल ह्याच कामासाठी मांडलेले असते. दोन शिक्षक आणि एक बँकेतला कारकून तेथे विनामूल्य बसतात. गेल्या वर्षी त्या टेबलावर एक मुलगी येऊन बसली आणि दुसऱ्यांचे अर्ज भरून देऊ लागली. बी. ए. झालेली, अक्षर सुरेख. नाव सांगितले तेव्हा आम्ही ओळखले. ती त्या मशीनवाल्याची धाकटी मुलगी होती. आम्ही तिला काही म्हणालो नाही, तीही काही म्हणाली नाही. तिने एका मुलीचा अर्ज पुढे ओढला आणि विचारले, "सवलतीच्या रकान्यात खूण का नाही केलीस?"